नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायला बंदी : नॉन-कॉम्पीट, बाँड आणि वकिलाची नोटीस

शब्दशः

ऑफर लेटरमागून जी वीस-पंचवीस पानं सहीला येतात, त्यात हे वाक्य हटकून असतं :

"नोकरी कोणत्याही कारणाने संपल्यापासून बारा महिने कर्मचारी कंपनीच्या कोणत्याही स्पर्धकाकडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे नोकरी, सल्लागारी अथवा भागीदारी करणार नाही."

यालाच नॉन-कॉम्पीट म्हणतात. भारतात हे वाक्य टिकत नाही. का टिकत नाही हे समजलं की त्याच्या आजूबाजूची कोणती वाक्यं टिकतात तेही समजतं, म्हणून मुळापासून लिहितो.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७ : कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. यातला "तेवढ्यापुरता" हा शब्द अधोरेखित करून ठेवा. बंदीचं वाक्य गळून पडतं, बाकीचा करार उभा राहतो.

इंग्लंडमध्ये अशी बंदी "वाजवी" आहे का हे तपासतात. एक वर्ष, एक शहर, एवढंच काम, असं असेल तर तिथे ती टिकू शकते. आपल्याकडे ही वाट १८७४ मध्येच बंद झाली. कलकत्त्यातल्या दोन दुकानदारांचा माधव चंदर विरुद्ध राजकुमार दास हा खटला. एकाने दुसऱ्याला सांगितलं, या भागातलं दुकान बंद कर, मी पैसे देतो. त्याने बंद केलं, पैसे काही मिळाले नाहीत. मुख्य न्यायाधीश काऊच यांनी सांगितलं की करारच रद्दबातल आहे, सबब पैसेही मागता येणार नाहीत. बंदी एकाच भागापुरती होती हा बचाव चालला नाही. म्हणून "फक्त पुण्यात", "फक्त सहा महिने" असं लिहिलं म्हणजे नोकराच्या करारातलं कलम वैध होतं, हा समज चुकीचा आहे.

आता रेषा कुठे आहे ते. नोकरी चालू असताना आणि नोकरी संपल्यावर, या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या.

चालू असतानाची बंदी टिकते. निरंजन शंकर गोलीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग, सर्वोच्च न्यायालय, १९६७. हे प्रकरण आपल्या कल्याणचं. टायर कॉर्डच्या धाग्याचा कारखाना, परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलेलं तंत्रज्ञान, आणि पाळी पर्यवेक्षकाशी पाच वर्षांचा करार. तो १९६४ मध्ये मधेच सोडून राजस्थानातल्या कोटा इथल्या रेयॉन कारखान्यात गेला. न्यायालयाने मनाई हुकूम कायम ठेवला, पण करार संपण्याच्या तारखेपर्यंतच, म्हणजे १५ मार्च १९६८ पर्यंत. त्यापुढे एक दिवसही नाही.

संपल्यानंतरची बंदी टिकत नाही. सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई, १९८०. मालाची तपासणी आणि नमुने घेणारी कंपनी, दिल्लीचा शाखाप्रमुख, दोन वर्षं दिल्लीत तोच धंदा न करण्याची अट. कलमात "सोडल्यास" असा शब्द होता आणि त्याला तर कंपनीनेच काढलं होतं. सोडणं म्हणजे स्वतःहून जाणं, म्हणून अट लागूच होत नाही, असा निकाल झाला. न्या. ए. पी. सेन यांनी त्यापुढे जाऊन ती अट कलम २७ खालीही रद्दबातल ठरते असं लिहिलं. आजच्या करारांत "कोणत्याही कारणाने" असं घालून शब्दाची ती फट बुजवलेली असते. कलम २७ त्याने बुजत नाही.

२००६ मध्ये झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा मांडली. जाहिरातींचं काम पाहणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही बाहेरची ऑफर आधी आम्हाला दाखव, अशी त्यात अट होती. मुदतीनंतर तीही चालली नाही.


मनुष्यबळ

अगदी बरोबर. पण टिकत नसेल तर कंपन्या हे कलम घालतात कशाला, हाही प्रश्न विचारायला हवा. दोन कारणं. एक, बहुराष्ट्रीय कंपन्यांचा साचा मुख्यालयातून येतो आणि इथे तसाच छापला जातो. दुसरं, धाक. बहुतेक माणसं न्यायालयापर्यंत जातच नाहीत, नुसतं कलम वाचून ऑफर नाकारतात. २०२२ मध्ये पुण्याच्या नाईट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने इन्फोसिसच्या अशा कलमाविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा अनेकांनी आपापले करार पहिल्यांदा उघडून पाहिले.

माझ्या मते लक्ष द्यायचं ते शेजारच्या कलमांकडे. कर्मचारी अडकतो तो तिथे.

गोपनीयता. हे नोकरीनंतरही टिकतं. डोक्यातलं कौशल्य तुमचं, कंपनीच्या फाईली कंपनीच्या. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा अजून नाही, विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात मसुदा सुचवला आहे. तोवर सगळा भार करारातल्या व्याख्येवर. व्याख्येत "नोकरीत मिळालेली सर्व माहिती" असं असेल तर "सार्वजनिक असलेली आणि कर्मचाऱ्याचं सर्वसाधारण कौशल्य वगळून" एवढे शब्द घालून मागा. हे मागितल्याने कोणी ऑफर मागे घेत नाही.

ग्राहक किंवा सहकारी न फोडण्याची अट. हे नॉन-कॉम्पीट नाही आणि ते आपोआप रद्दबातलही नाही. इथे पुराव्यावर सगळं ठरतं. "नव्या कंपनीत रुजू झालो" अशी सगळ्यांसाठी टाकलेली पोस्ट वेगळी, आणि जुन्या ग्राहकांच्या यादीतले चाळीस नंबर निवडून केलेले मेसेज वेगळे.


बोरघाट

म्हणजे कलम रद्दबातलच आहे तर डोळे मिटून सही करायला हरकत नाही ना? रोज इतक्या ठिकाणी हाच सल्ला दिला जातो.


शब्दशः

बोरघाट, हा सल्ला अर्धाच खरा आहे. सही केली म्हणून रद्दबातल कलम जिवंत होत नाही. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीपुढे केलं तरी होत नाही. पण डोळे मिटून सही केली की बाकीची जी जिवंत कलमं आहेत तीही न वाचता मान्य होतात. किमान चार ठिकाणं बघून घ्या : नोटीस पिरियड आणि त्याचा दर, बाँडची रक्कम आणि मुदत, गोपनीयतेची व्याख्या, आणि वाद कुठल्या शहरात चालणार.

शेवटचं बहुतेक जण सोडून देतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी बँकेच्या प्रकरणात सांगितलं की नोकरीच्या करारातही "फक्त मुंबईचीच न्यायालयं" अशी अट चालते. कर्मचारी पाटणा आणि दिल्लीचे होते, त्यांना मुंबईत दाद मागावी लागणार. नागपुरातून काम करणाऱ्याच्या करारात बेंगळुरू लिहिलेलं असेल तर भांडण जिंकण्याआधी तिकिटांचा आणि तिथल्या वकिलाचा खर्च आहे.


हिशेबनीस

पैशाची बाजू लिहितो, कारण प्रत्यक्षात रस्सीखेच इथेच होते.

नोटीस पिरियड ९० दिवस, माणूस ४५ दिवसांत मोकळा होऊ पाहतो. उरलेल्या ४५ दिवसांचे पैसे कशावर? करारात "मूळ वेतन" लिहिलंय की "एकूण वेतन", यावर सगळं फिरतं. एकूण पगार ९०,००० आणि बेसिक ३६,००० धरा. एकूणवर दिवसाला ३,०००, म्हणजे १,३५,०००. बेसिकवर दिवसाला १,२००, म्हणजे ५४,०००. एका शब्दाचा फरक ८१,००० रुपये.

या वसुलीवर कोणी १८ टक्के जीएसटी लावला तर मान्य करू नका. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक १७८ स्पष्ट आहे : नोटीस पिरियडची वसुली आणि बाँडची रक्कम यांवर जीएसटी लागत नाही.

"स्पर्धकाकडे गेलात, म्हणून फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) रोखतोय" हे सर्रास ऐकू येतं. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणं कायद्यात मोजकी आहेत : मालमत्तेचं नुकसान, दंगाधोपा, नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा कारणांसाठी नोकरीवरून काढलं तर. स्पर्धकाकडे जाणं त्या यादीत नाही.

पीएफ अडवता येत नाही. कंपनीने बाहेर पडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला यूएएन पोर्टलवर स्वतः ती टाकता येते. आणि रिलीव्हिंग लेटर लटकवलं तर राजीनाम्याची मेल, त्याची पोच, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि बँकेचं स्टेटमेंट एकत्र ठेवा. नव्या कंपनीची पडताळणी बहुधा एवढ्यावर भागते.


तांबडीमाती

बाँडबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा. सहा महिन्यांचं ट्रेनिंग आणि तीन लाखांचा बाँड, हे नव्या पदवीधरांच्या गळ्यात सर्वांत आधी पडतं. तो कलम २७ मध्ये येतो का?


सनदशीर

बाँड म्हणजे "तिकडे जाऊ नको" असं बंधन नव्हे, "इतका काळ इथे थांब, नाही थांबलास तर इतकी भरपाई दे" असं बंधन. ते नोकरीच्या काळातलं. म्हणून कलम २७ त्याला सहसा लागत नाही. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात हेच सांगितलं. तीन वर्षं सेवा, मधे सोडल्यास दोन लाख. अधिकारी २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत गेला, दोन लाख हरकत नोंदवून भरले आणि मग खटला लढला. उच्च न्यायालयात जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला.

पण हा निकाल दाखवून कोणतीही रक्कम वसूल होईल असं नाही. ती सरकारी बँक होती. अधूनमधून माणूस गेला की जाहिरात, परीक्षा, मुलाखती हे सगळं पुन्हा करावं लागतं, तो खर्च न्यायालयाने विचारात घेतला. शिवाय हुद्दा वरिष्ठ व्यवस्थापकाचा, त्या पगाराला दोन लाख फार नव्हते. खासगी कंपनीच्या बाबतीत करार कायद्याचं कलम ७४ बघायचं : करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, त्याच्या आत "वाजवी" भरपाई.

म्हणून प्रशिक्षणाच्या बाँडमध्ये तीन प्रश्न विचारा. प्रशिक्षण खरंच झालं का, की पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या कामावर बसवलं? त्याचा खर्च कागदावर आहे का? आणि सेवा जशी होईल तशी रक्कम घटते का? २४ महिन्यांच्या तीन लाखांच्या बाँडमध्ये १८ महिने झाल्यावर ७५,००० उरायला हवेत. २३ व्या महिन्यातही तीन लाख मागणारा बाँड हा दंड आहे, आणि त्याविरुद्ध लढण्यासारखं आहे.

मूळ पदवी प्रमाणपत्रं आणि सही केलेले कोरे चेक मात्र कोणाच्याही हाती देऊ नका. प्रती द्या. कोरा चेक वटला नाही तर प्रकरण बाँडचं राहत नाही, चेकचं होतं.


लातूरकर

क्लासच्या शिक्षकांचं काय? नीट-जेईईच्या क्लासमध्ये करार असतात : "सोडल्यापासून तीन वर्षं शहराच्या हद्दीत दुसऱ्या क्लासमध्ये शिकवणार नाही, स्वतःचा क्लास काढणार नाही."


शब्दशः

सोडल्यानंतरची तीन वर्षं कलम २७ मध्ये सरळ बसतात, रद्दबातल. पण शिक्षकांचे करार बरेचदा शैक्षणिक वर्षाचे असतात, जून ते मे. डिसेंबरात, मुलांची परीक्षा तोंडावर असताना शेजारच्या क्लासमध्ये गेलात तर तुम्ही मुदतीच्या आत आहात. तिथे गोलीकरीचा निकाल क्लासच्या बाजूने उभा राहतो, आणि मेपर्यंतचा मनाई हुकूम मिळू शकतो. क्लास तुम्हाला जबरदस्तीने शिकवायला लावू शकत नाही, पण मेपर्यंत दुसरीकडे शिकवू नका असा आदेश मागू शकतो. करारात "एक महिन्याच्या नोटिसीने सोडता येईल" अशी सोय असेल तर ती नीट वापरा. नोटीस संपली की करार संपला.

दुसरं, नोट्स. पगारी शिक्षकाने नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या नोट्स आणि प्रश्नसंचांचा मालक, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे क्लास. शिकवण्याची हातोटी तुमची. सुट्टीत नव्याने बसून लिहा, जुनी पीडीएफ नाव बदलून वापरू नका. आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नंबर उचलू नका.


मनुष्यबळ

एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर गैरसमज होईल. धंदा त्याच्या गुडविलसकट, म्हणजे नावलौकिकासकट, विकला तर विकणाऱ्यावर ठरावीक हद्दीत बंदी चालते, वाजवी असेल तर. हा कलम २७ मधलाच अपवाद. सांगलीत चाललेला दवाखाना किंवा चालू क्लास नावासकट विकला आणि विकणाऱ्याने समोरच पाटी लावली, तर घेणाऱ्याने पैसे कशाचे दिले? भागीदारी कायद्याच्या कलम ३६ मध्ये बाहेर पडणाऱ्या भागीदारासाठीही अशी तरतूद आहे. म्हणून नोकर असलेल्या डॉक्टरचा करार आणि भागीदार डॉक्टरचा करार एकाच चष्म्यातून वाचू नका.


हिशेबनीस

आणि गार्डन लीव्ह? "तीन महिने घरी बसा, पगार देतो" हे चालतं का?


सनदशीर

नोटीस पिरियडच्या आत घरी बसवलं तर तुम्ही नोकरीतच आहात, पगार चालू आहे, चालतं. नोकरी संपल्यावर सुरू होणारी गार्डन लीव्ह मात्र मुंबई उच्च न्यायालयाने व्हीएफएस ग्लोबलच्या प्रकरणात कलम २७ च्या विरुद्ध ठरवली. तीन महिन्यांचा मोबदला देऊ केला होता, तरीही. त्याच प्रकरणात गोपनीयतेचं बंधन मात्र वेगळं धरलं होतं.

आता नोटीस आली तर काय करायचं ते. वकिलाची नोटीस हा न्यायालयाचा आदेश नव्हे, त्यात लिहिलेली सात किंवा पंधरा दिवसांची मुदतही कायद्याने आलेली नाही. पण गप्प बसू नका, मुदतीत उत्तर पाठवा. उत्तर दीड पानाचं पुरतं : राजीनाम्याची आणि शेवटच्या दिवसाची तारीख, लॅपटॉप-ओळखपत्र परत दिल्याची तारीख आणि पावती, कंपनीची कोणतीही फाईल जवळ नसल्याचं विधान (खरं असेल तरच), आणि कलम २७. चुकतं ते इथे : घाबरून माणूस माफी मागतो, किंवा नोटिशीसोबत आलेल्या हमीपत्रावर सही करून देतो. त्या हमीपत्रात मूळ करारात नसलेली कबुली असते. शेवटच्या दिवशीच्या एक्झिट फॉर्ममध्येही असाच मजकूर दडलेला असतो, तो वाचल्याशिवाय सही नको.

कंपनी न्यायालयात जाईल असं वाटलं तर कॅव्हेट टाका, म्हणजे माझं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज न्यायालयात आधीच देऊन ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम १४८ अ. ज्या न्यायालयात दावा होऊ शकतो तिथे टाकायचं, म्हणजे करारात लिहिलेलं शहर आधी. प्रत कंपनीला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. मुदत ९० दिवस, नंतर पुन्हा टाकावं लागतं. कॅव्हेट असेल तर तुम्हाला न कळवता एकतर्फी मनाई मिळणं अवघड होतं. नसेल आणि एकतर्फी मनाई झालीच, तर त्या अर्जाचा निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न न्यायालयाने करावा असं त्याच संहितेतल्या आदेश ३९ चा नियम ३ अ सांगतो. पहिल्याच तारखेला हजर राहून त्याकडे लक्ष वेधा.

कंपनीची बाजू बळकट होते ती एकाच गोष्टीने : शेवटच्या आठवड्यात जीमेलवर पाठवलेल्या फाईली. किती वाजता, कोणती फाईल, किती एमबी, सगळं सर्व्हरवर नोंदलेलं असतं. मग प्रकरण करार कायद्यात राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ येतं, भरपाईसाठी, आणि हेतू वाईट दिसला तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद. "माझंच काम होतं, पोर्टफोलिओसाठी घेतलं" हे उत्तर तिथे पुरत नाही.


जेबेलअली

आखातात असलेल्यांसाठी : तिथे वरचं काही लागू नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याच्या कलम १० प्रमाणे नॉन-कॉम्पीट वैध आहे, जास्तीत जास्त दोन वर्षं, पण काळ, जागा आणि कामाचा प्रकार तिन्ही लिहिलेलं हवं. मालकाने कायदा मोडून काढलं असेल तर ते लागत नाही. जुन्या मालकाने लेखी मान्य केलं तर तीन महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई देऊन सुटकाही होते. ती लेखी संमती राजीनाम्याच्या आधी बोलून ठेवा.


शब्दशः

अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्नियात जवळपास आपल्यासारखंच, आणि ते योगायोगाने नाही. तिथलं कलमही १८७२ चं, आणि आपलं व त्यांचं दोन्ही न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड यांच्या संहितेच्या मसुद्यावरून आलेलं. नॉन-कॉम्पीटवरच देशभर बंदी घालणारा एफटीसीचा (तिथल्या संघीय व्यापार आयोगाचा) एप्रिल २०२४ चा नियम टेक्सासच्या न्यायालयाने ऑगस्टमध्येच रद्द केला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एफटीसीने अपील सोडून दिलं. म्हणून न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये असाल तर इथले निकाल दाखवू नका. जर्मनीत नॉन-कॉम्पीट चालतं, पण मालकाला त्या काळात निदान निम्मा पगार द्यावा लागतो आणि मर्यादा दोन वर्षं.


बोरघाट

शेवटचा प्रश्न. नव्या कंपनीच्या जॉइनिंग फॉर्मवर "मी कोणत्याही पूर्वीच्या निर्बंधाने बांधील नाही" अशी ओळ असते. कलम रद्दबातल आहे म्हणून तिथे टिक करायची का?


सनदशीर

नको. जुनी कंपनी नव्या कंपनीला पत्र पाठवते तेव्हा नवी एचआर आधी ही ओळ काढते, आणि "खोटी माहिती" हे नोकरीवरून काढण्याचं त्यांच्या करारातलं कारण असतं. ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला मेल करा आणि फॉर्मवर त्या मेलचा तारखेसह उल्लेख करा. मजकूर असा पुरेल :

"माझ्या आधीच्या नियुक्तीपत्रात परिच्छेद अमुक येथे नोकरीनंतर बारा महिने स्पर्धकाकडे काम न करण्याची अट आहे, प्रत सोबत जोडली आहे. माझ्या माहितीप्रमाणे ती करार कायद्याच्या कलम २७ नुसार अमलात आणता येत नाही. आधीच्या कंपनीची कोणतीही गोपनीय माहिती मी सोबत आणत नाही आणि इथल्या कामात वापरणार नाही. आपली हरकत नसल्याचं या मेलच्या उत्तरात कळवावं."

उत्तर लेखी आलं की मगच जुन्या ठिकाणी राजीनामा टाका. प्रत जोडताना पगाराचे आणि ग्राहकांचे तपशील झाका, फक्त तो परिच्छेद दिसू द्या.